म्हणे, ओळखी कमी पडतात!

बेकारीची कारणे शोधणाऱ्या पंडितांच्या पोतडीत अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. सुशिक्षित तरुणाला काम मिळत नाही ते जागा निघत नाहीत म्हणून नव्हे, निघालेल्या जागांची भरती वर्षानुवर्षे रखडते म्हणूनही नव्हे. तर त्या तरुणाच्या ओळखी कमी पडतात म्हणून! या रोगावरचे औषधही त्यांच्यापाशी तयार आहे. त्याचे नाव ‘नेटवर्किंग’. समाजमाध्यमांवर आपले देखणे प्रोफाइल मांडावे, पाचशे-हजार ओळखी जमवाव्यात, जर्मनी-कॅनडा-दुबईत बसलेल्या अपरिचितांना रोज सकाळी अभिवादनाचे संदेश धाडावेत, त्यांच्या बढतीबद्दल त्यांचे अभिनंदन करावे. की मग समुद्रापलीकडची नोकरी आपल्या पायांनी चालत मोबाइलमध्ये येते, असे हे एकंदर शास्त्र आहे. नोकरी लागली तर ते शास्त्राचे यश. न लागली तर तरुणानेच पुरेशी मेहनत घेतली नाही. इतके बिनचूक शास्त्र पूर्वी फक्त ज्योतिषांपाशी असे.

हे लोण महानगरांपुरते राहिले असते तर त्याची वासलात एका परिच्छेदात लावता आली असती. परंतु ते आता रायपूरच्या बूढापाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि तिथे त्याचे जे रूप पाहावयास मिळाले ते सर्वत्र विखुरलेल्या मराठी वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

छत्तीसगढबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर बूढापारा ही रायपूरची जुनी वस्ती, बूढा तालाबाच्या काठची. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी माणसे येत राहिली आणि या भागात आजही त्यांची घरे आहेत. ज्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले त्या माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा याच वस्तीत आहे. अनुवादावर पोट भरणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला येता-जाता त्या पाटीकडे पाहून थोडा धीर येतो. याच तळ्याच्या काठी वर्षानुवर्षे धरणी धरली जात, उपोषणे होत, नोकरी मागणाऱ्यांचे तंबू पडत. पुढे धरणास्थळ शहराबाहेर, नवा रायपूरमधील तूता येथे हलविण्यात आले. तंबू गेले, मार्गदर्शन शिबिरे आली.

अशाच एका शिबिरात परदेशी नोकरीचा मार्ग सांगणाऱ्या वक्त्याने तळ्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या विवेकानंदांच्या पुतळ्याचा दाखला दिला. दाखला स्थानिक होता आणि म्हणूनच प्रभावी होता. १८७७ साली चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ कुटुंबासह रायपूरला आले. बूढापाऱ्यातील डे भवन हे त्यांच्या वास्तव्याचे घर म्हणून दाखविले जाते. हेच पुढे १८९३ साली शिकागोला पोहोचले तेव्हा त्यांच्यापाशी परिषदेचे निमंत्रण नव्हते, ओळखपत्र नव्हते. प्रवासातल्या एका परिचयातून हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची गाठ पडली, त्यांनी पत्र दिले आणि व्यासपीठ खुले झाले. ‘एक ओळख, आणि जग जिंकले!’ असे वक्ता म्हणाला. टाळ्या पडल्या.

टाळ्या ओसरल्यावर विचारावयाचा प्रश्न असा होता की, शिकागोपर्यंतचे जहाजाचे भाडे कोणत्या ‘प्रोफाइल’ने भरले? मद्रासमधील अळसिंगा पेरुमल नावाच्या शाळामास्तराने आपल्या तरुण सोबत्यांना घेऊन दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. खेतडीच्या राजाने भर घातली. प्राध्यापकाची ओळख एक होती. तिच्या मागे परगावच्या कितीतरी घरांतून आलेले रुपये आणि आणे होते. शिबिरात एक अर्धी गोष्ट सांगितली जाते आणि दुसरी, वर्गणीची अर्धी, गिळली जाते. या सबंध शास्त्राची हीच रीत आहे. माणसे एकमेकांच्या आधाराने जगतात हे खरे. परंतु त्या आधारातला सामुदायिक भाग वजा करून जे उरते ते एकेकट्याला ‘कौशल्य’ म्हणून विकावयाचे.

शिबिरानंतर वस्तीतला एक वाणिज्य पदवीधर तरुण आपले प्रोफाइल घेऊन प्रस्तुत लेखिकेकडे आला. ‘ताई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, एवढं नीट करून द्या.’ आपल्या कौशल्यांत त्याने ‘नेटवर्किंग’ही नोंदविले होते. त्याला मराठीत काय म्हणतात, असे त्याने सहज विचारले आणि अनुवादकाची अडचण झाली. जनसंपर्क म्हणावे तर ते सरकारी खात्याचे नाव. जाळे विणणे म्हणावे तर कोळ्याच्या जाळ्याचे कौतुक माशाने कशाला करावे! पुष्कळ वेळाने जो शब्द सुचला तो आपल्या आजोबांच्या तोंडचाच होता: वशिला.

तरुण हसला, त्याला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. छत्तीसगढ लोकसेवा आयोगाच्या २०२१ च्या परीक्षेत बड्या अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या नातलगांची निवड झाल्याचा आरोप आहे. त्या प्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या माजी अध्यक्षांना अटक केली. निवाडा न्यायालय करील. परंतु ओळखीने नोकरी मिळणे हा गुन्हा आहे, एवढे तरी त्या खटल्यात सर्व पक्षांना मान्य असणार. तीच गोष्ट सीमेपलीकडे गेली, इंग्रजीत बोलू लागली आणि तिने कोट घातला की तिचे नाव कौशल्य होते. आपल्या गावात ज्याची लाज वाटावी तेच परदेशी खासगी नोकरीच्या संदर्भात गुण म्हणून शिकवावयाचे, आणि तेही तूताला बसलेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांना!

ओळखीतले खरे किती?

आपल्या विरोधकाच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करावे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नोकरीची खबर माणसाला जिवलगांपेक्षा दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता; कारण जिवलगांना तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला. निष्कर्ष चुकीचा नाही. आपल्या गिरणगावातही कोकणातून आलेला मजूर गाववाल्याच्या खोलीत उतरे आणि गाववाल्याच्या शब्दावर खात्यात लागे. परंतु हा समाजाच्या एका अवस्थेचा निष्कर्ष आहे, निसर्गनियम नव्हे. रिकाम्या जागेची खबर कुठेच उघडपणे टांगलेली नसते, म्हणून ती परिचिताच्या खिशात शोधावी लागते. खबर भिंतीवर लागली तर खिसे चाचपण्याचे कारणच उरत नाही.

आता या खिशांचे मालक कोण झाले ते पाहा. लिंक्डइन ही ओळखींची पेढी २०१६ साली मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. या किमतीत विटा-सिमेंट किती आणि जगभरच्या माणसांनी फुकट भरून दिलेली स्वतःची, आपल्या शिक्षणाची, सोबत्यांची व साहेबांची माहिती किती, याचा हिशेब वाचकाने करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. या पेढीने पाच वर्षे, दोन कोटींहून अधिक माणसांवर प्रयोग केला होता. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून जी नावे पडद्यावर येतात, त्यांत काहींना जवळची नावे अधिक दाखविली गेली, काहींना दूरची. आणि कुणाला नोकऱ्या अधिक लागतात ते मोजले गेले. माफक दूरच्या ओळखी अधिक कामाच्या ठरतात असा निष्कर्ष निघाला. ग्रॅनोव्हेटर बरोबर ठरला, ठीकच. पण ज्या लाखो माणसांच्या वाट्याला कमी कामाच्या ओळखी आल्या, त्यांना हा प्रयोग चालू असल्याचा पत्ताही नव्हता. आपण मेहनतीत कमी पडतो आहोत, अशीच त्यांची समजूत असणार. विद्वानांत यावर कुरकूर झाली तेव्हा कंपनीने आपल्या करारनाम्याकडे बोट दाखविले. कुणाला काम मिळण्याची शक्यता किती, हे ठरविणारी कळ एका खासगी कंपनीच्या हाती आहे. आणि आपले शिबिरवीर म्हणतात, मुला, तुझ्या ओळखी कमी पडतात!

बरे, ओळखी आकाशातून पडत नाहीत. ज्याने नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षण घेतले, त्याचे निम्मे सहाध्यायी आधीच म्युनिक किंवा टोरोंटोत असतात. त्याचे ‘नेटवर्क’ बापाच्या पगाराने, जातीच्या पिढीजात शिक्षणाने आणि शिकवणीच्या फीने आधीच विणून ठेवलेले असते. बूढापाऱ्यातल्या त्या तरुणाने आठ महिने खपून तीनशेवर ओळखी जमविल्या होत्या. त्याच्यासोबत बसून त्या तपासल्या. दोनशेहून अधिक त्याच्यासारखेच काम शोधणारे. उरलेल्यांत बहुसंख्य लोक काम कसे शोधावे याचे वर्ग विकणारे. बेकारांनी बेकारांचे अभिनंदन करावे आणि त्यांच्यामध्ये दुकानदाराने गादी टाकून बसावे, याला जर कौशल्यविकास म्हणत असतील तर कुंभमेळ्यातल्या पंड्यांनाही कुलगुरू म्हणावयास हरकत नाही.

अरकाट्याचा नवा वेष

एवढ्यावर भागते तर तो केवळ वेळेचा अपव्यय ठरता. परंतु ज्याच्या तीनशे ओळखीतून काहीच निष्पन्न होत नाही, त्याच्याकडे एके दिवशी तीनशे-एकावी ओळख आपण होऊन चालत येते. येथून पुढची गोष्ट गंभीर आहे.

छत्तीसगढच्या जुन्या माणसांना ‘अरकाटी’ हा शब्द ठाऊक आहे. गिरमिट पद्धतीत मजूर गोळा करणारा दलाल तो अरकाटी. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी माणसे नेली गेली; मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात. १९१७ साली समुद्रापलीकडची ही भरती थांबली. छत्तीसगढची माणसे मुख्यतः आसामच्या चहामळ्यांत नेली गेली. १८५९ आणि १८८२ च्या कायद्यांनी करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याची सोय मळेवाल्यांना करून दिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात इथून कुटुंबेच्या कुटुंबे आसामकडे गेली. पुढे लोकसभेत गेलेल्या मिनीमाता अशाच एका कुटुंबातल्या. त्यांचा जन्म आसामात झाला.

या इतिहासात एक बारकावा आहे आणि आजच्या संदर्भात तोच महत्त्वाचा आहे. भरती करणारा नेहमी परकाच असे असे नाही. मळेवाले आपल्याच मळ्यातल्या जुन्या मजुराला ‘सरदार’ करून त्याच्या स्वतःच्या गावी पाठवीत. तो आपल्या बोलीत बोले, आपल्या ओसरीवर बसे, आपल्या मावशीची खुशाली सांगे. मळेवाल्याने विश्वास विकत घेतला होता, कारण अपरिचिताच्या मागे कुणी समुद्र किंवा ब्रह्मपुत्रा ओलांडत नाही. आजच्या भाषेत याला ‘रेफरल’ म्हणतात आणि माणशी कमिशन ठरलेले असते.

२४ सप्टेंबर २०२२ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा भारदस्त नावाच्या नोकऱ्यांची आमिषे समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून व दुबईतल्या आणि भारतातल्या दलालांमार्फत दाखविली जातात, आणि माणसांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेऊन डांबले जाते, असे त्यात म्हटले होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असा अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना अशा फसवणूक-केंद्रांत जबरीने राबविले जात असावे. १० आणि ११ मार्च २०२५ रोजी, लागोपाठ दोन दिवसांत, थायलंडच्या मे सोत येथून लष्करी विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. त्यानंतरच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली व दलालांना अटक केली.

या डांबलेल्या माणसांना तिथे काम काय असते? वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्यांना काम असते ते खोटी प्रोफाइले उघडण्याचे. दूरदेशीच्या अपरिचितांना रोज सकाळी अभिवादनाचे संदेश धाडण्याचे, त्यांच्याशी गोड बोलून ओळख वाढविण्याचे आणि अखेर त्यांची बँकेतली शिल्लक काढून घेण्याचे. ठरलेला आकडा गाठला नाही तर मारहाण, विजेचे धक्के. म्हणजे शिबिरात जे शिकविले गेले तेच, तंतोतंत तेच, फक्त काटेरी तारेच्या आत! ओळखीचा माल झाला की माल वाढविणाऱ्या मजुराला कुंपणात ठेवणे हा पुढचा हिशेब कुणीतरी करणारच होते.

रशियाची गोष्ट याहून काळी आहे. मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांसाठी म्हणून गेलेले भारतीय तरुण युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला तेव्हा यूट्यूबसारख्या समाजमाध्यमांतून आणि स्थानिक ओळखीच्या दलालांमार्फत तरुणांना भुलविले गेल्याचे त्यानेच म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला हिशेब असा: रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय समोर आले, त्यांत १२ मृत, १६ बेपत्ता. मळ्यावर नेणाऱ्या अरकाट्याने निदान मळ्याचे नाव तरी सांगितले होते.

आणि कायदा? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणीकृत दलालाखेरीज कुणी परदेशासाठी भरती करू नये असे ठरविले आणि मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. दंड किती? कमाल दोन हजार रुपये. नोंदणी नसलेल्या तीन हजारांहून अधिक दलालांची नावे सरकारने आपल्याच संकेतस्थळावर लावली आहेत. दोन हजारांच्या दंडाला भिऊन त्यांतला कोण दुकान बंद करील? नव्या कायद्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ असे निघत राहिले. शिवाय एक विचित्र तरतूद: अठरा ठरावीक देशांत जाताना सरकारी परवानगी लागते ती मुख्यतः दहावी न झालेल्याला. दहावी झालेला स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकतो, असे कायदा मानतो. फसवणूक-केंद्रांना तर इंग्रजी टाइप करू शकणारी, संगणक जाणणारी, पदवीधर मुलेच हवी असतात. म्हणजे जिथे नवा अरकाटी उभा आहे, नेमके तिथेच कायद्याने आपला पहारेकरी उठवून घेतला आहे.

आपल्यातल्या काहींशी दोन शब्द

या विषयावर आपल्याच काही साथींशी बोलताना एक सूर ऐकू येतो आणि त्याचाही समाचार घेतला पाहिजे. ‘परदेशाची हाव ही मध्यमवर्गीय हाव, मुलांनी इथे राहून लढावे.’ म्हणावयास सोपे आणि ऐकावयास कडक! ज्याच्या घरी निवृत्तिवेतन येते त्याने, ज्याच्या घरी दर महिन्याला किराण्याची उधारी थकते त्याला, हा उपदेश करू नये. मजूर कामाच्या मागे जातो, हा त्याचा गुन्हा नव्हे. लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या खुद्द मार्क्सने १८६२ साली रेल्वेच्या कचेरीत कारकुनीसाठी खटपट केली होती आणि अक्षर वाईट म्हणून त्याला नकार मिळाला. (अनुवादकांवर त्या अक्षराचा सूड अजून चालू आहे, हे जाता जाता.) वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत गेले, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे गेले. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड-गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी १९१३ साली गदर पक्ष उभारला त्यात ही माणसे होती. पिंगळ्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. तेही ओळखींचे जाळेच होते. पण त्या जाळ्यात माणूस स्वतःला विकावयास बसला नव्हता. दुसऱ्याला सावध करावयास, जागे करावयास बसला होता.

तेव्हा प्रश्न जावे की न जावे हा नाही. जागेची खबर कुणाच्या मालकीची, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर कधी काळी या देशात दिले गेले होते. सार्वजनिक आणि निःशुल्क रोजगार सेवा चालविण्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा करार भारताने १९५९ साली मान्य केला. त्याच वर्षी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. कळविण्याची सक्ती, तिथूनच माणूस घेण्याची नव्हे. ही पळवाट पहिल्या दिवसापासून होती आणि खासगी मालकांनी तिचा राजरस्ता केला. पुढे जागांची भरतीच आटली, कार्ड नूतनीकरणाची रांग तेवढी उरली, आणि आज तरुण पिढीला ते कार्यालय म्हणजे थट्टेचा विषय वाटतो. सार्वजनिक दिवा विझू द्यावयाचा आणि मग काजव्यांचा बाजार भरवावयाचा, असा हा क्रम आहे.

परदेशच्या नोकरीतही हे जमत नाही असे नाही. केरळ सरकारने १९७७ सालीच परदेशी भरतीसाठी आपली स्वतःची संस्था, ओडेपेक, काढली. २०२१ च्या डिसेंबरात केरळच्या नोर्का रूट्सने जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी करार केला. त्यात परिचारिकांची निवड, भाषाशिक्षण आणि पाठवणी यांचा पैसा परिचारिकेकडून घेतला जात नाही. माणूस ज्याला हवा आहे त्याने खर्च सोसावा, हे साधे तत्त्व. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारानेही खासगी दलालांनी मजुराकडून फी घेऊ नये असे सांगितले आहे. भारताने तो मान्य केलेला नाही. उलट आपल्याकडे दलालाने उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर कर घेणे कायदेशीर आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल कामगार पाठवू असे जाहीर केले. प्रत्यक्षात किती गेले, कोणत्या पगारावर गेले, याचा हिशेब आपल्या महाराष्ट्रातील साथींनी मागितला पाहिजे.

सरकारने मध्ये पडले की सारे शुद्ध झाले, असा मात्र भ्रम नको. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौ येथे इस्रायलच्या बांधकामांसाठी सरकारी देखरेखीखाली भरती झाली, युद्ध चालू असताना! केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध केला. तरीही कडाक्याच्या थंडीत हजारोंच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी ४ मार्चला उत्तर इस्रायलमध्ये शेतावर काम करणारा केरळचा एक तरुण क्षेपणास्त्राने मारला गेला. सरकारी शिक्का असला की अरकाटी सात्त्विक होत नाही. शिक्क्याबरोबर संघटनेचा डोळा लागतो.

तो डोळा आज, आहे त्या परिस्थितीत, कसा लावावा? बूढापाऱ्यात आम्ही काही फार मोठे केलेले नाही. दर रविवारी सकाळी एका साथीच्या ओसरीवर बसतो. ज्याला परदेशातून काही प्रस्ताव आला असेल त्याने तो कागदावर उतरवून आणावा. दलालाचा नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासला जातो. मालकाचे नाव, पगार, व्हिसा कामाचा की पर्यटकाचा, हे वहीत लिहिले जाते. आखातातून परतलेला एक वेल्डर असतो. त्याच्या एका प्रश्नात माझ्या सगळ्या इंग्रजीपेक्षा अधिक अक्कल असते. तो विचारतो, ‘पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार?’

वर उल्लेखिलेला तरुणही तिथेच आला. त्याला बँकॉकहून प्रस्ताव होता: ग्राहकसेवा, दरमहा एक लाख, राहणे-जेवण फुकट, पात्रता इंग्रजी टायपिंग. मुलाखत दहा मिनिटे, तीही लेखी संदेशांतून. प्रस्ताव पाठविणारा शाळासोबती होता, म्हणून विश्वास. आम्ही म्हटले, त्याला समोरासमोर व्हिडिओवर बोलाव. तीन दिवस वेगवेगळी निमित्ते आली. चौथ्या दिवशी ते खाते बंद झाले. सोबती कुठे आहे ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही. त्याबाबतची तक्रार पोलिसांत दिली आहे.

तरुण वाचला, पण खूश झाला नाही. दोन-तीन आठवडे तो फिरकलाच नाही. मग एका रविवारी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, ‘ताई, हे नको ते नको, तर मग हवं ते कुठंय, ते सांगा.’ या प्रश्नाला उत्तर देण्याची ऐपत आमच्या ओसरीत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याने दुसरा कागद पुढे केला: आखातातल्या एका हॉटेलात भांडारपालाची जागा, दलाल नोंदणीकृत, करार ठीक, मागणी मात्र सव्वा लाखाची. नियमाने तीस हजार आणि कर. नियमाचा कागद आम्ही छापून दिला. तो घेऊन तो दलालाकडे गेला आणि संध्याकाळी परत आला. दलालाने वाद घातलाच नाही. फक्त म्हणाला, तुला जमत नसेल तर रांगेत दुसरे आहेत.

जागा दुसऱ्याला गेली. तो दुसरा या ओसरीपासून दोन गल्ल्यांवर राहतो. त्याच्या वडिलांनी पैशासाठी घर गहाण टाकले आहे. येत्या रविवारी त्या दोघांनाही बोलाविले आहे, आणि दलालाकडे नावे दिलेल्या आणखी पाच जणांना.